इलेक्ट्रिक गिटारचे नॉब आणि स्विच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात घरच्या घरी गिटारचं वायरिंग दुरुस्त करतो. गिटार घेऊन येणारे बरेच जण आल्याआल्या सांगतात, "पिकअप बदलून द्या." पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारा, तारांखालचा चुंबकाचा भाग. मी त्यांना आधी दोन गाणी वाजवायला लावतो आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसतो. कित्येकदा दुखणं पिकअपचं नसतंच. हात जिथे जातो तिथे नॉब नसतो, किंवा नको तेव्हा हात नॉबवर आपटत असतो. मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पिकअपवर हजारो रुपये घालण्याआधी ते वाचावेत, ही मनापासून विनंती.

नॉब कुठे आहेत याने खरंच एवढा फरक पडतो? आवाज तर अँपवरही लावता येतो.

अँप पाठीमागे चार-सहा फुटांवर असतो आणि गिटारचा व्हॉल्यूम करंगळीपासून दोन बोटांवर. कडवं संपून सोलो सुरू होतो तेव्हा मधे एखादी मात्रा मिळते, तेवढ्यात मागे वळून अँपला हात लावणं जमत नाही.

दुसरं म्हणजे गिटारचा व्हॉल्यूम आवाज नुसता लहान-मोठा करत नाही. अँप किंवा पेडल डिस्टॉर्शनच्या काठावर लावून बघा. नॉब १० वर असताना आवाज भरभरून फाटतो, ६-७ वर दाणेदार होतो आणि ३-४ वर आणलात तर जवळजवळ स्वच्छ. पायाखालचं एकही बटण न दाबता तीन आवाज मिळाले. गिटारवादक जेफ बेक यांचं वादन पाहिलं असेल तर आठवेल, त्यांची करंगळी व्हॉल्यूमवरच असायची. सूर छेडला जातानाच त्याचा आवाज ठरत असे.

बहुतेक जण नॉब १० वरून कधी हलवतच नाहीत. त्यांना मी एवढंच सांगतो, की आठवडाभर ७ पासून सुरुवात करा. अँप थोडा वाढवून घ्या आणि गिटारवर वर जायला जागा शिल्लक ठेवा. आठवड्यानंतरही पिकअप बदलावंसं वाटलं, तर जरूर बदला.

फेंडर आणि गिब्सन या दोन गिटार कंपन्यांची मांडणी इतकी वेगळी का?

कारण त्या दोन वेगळ्या घरांतून आल्या. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हते. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वस्तू चटकन उघडता यावी ही दुरुस्ती करणाऱ्या माणसाची नजर त्यांच्या गिटारींत जागोजाग दिसते. १९५० मध्ये बाजारात आलेली आणि १९५१ पासून टेलिकास्टर (थोडक्यात टेली) या नावाने ओळखली जाणारी गिटार घ्या. कोणता पिकअप वाजणार हे ठरवणारा स्विच, व्हॉल्यूम आणि आवाजाची धार कमी-जास्त करणारा टोन हे तिन्ही धातूच्या एका लांबट पट्टीवर ओळीने बसवलेले. दोन स्क्रू काढले की सगळी यंत्रणा हातात येते. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) तीन पिकअपची. तिथे सगळं पिकगार्डवर गेलं आणि व्हॉल्यूम तारांच्या अगदी कुशीत आला.

गिब्सनचा धंदा आधीपासून कोरीव पोटाच्या जॅझ गिटारींचा. दोन पिकअप असतील तर प्रत्येकाला आपापला व्हॉल्यूम आणि आपापला टोन, ही पद्धत त्यांनी १९५२ च्या लेस पॉल गिटारवर आणली. यामागचा विचार फार सुरेख आहे. नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) साथीसाठी थोडा खाली आणि मऊ लावून ठेवायचा, ब्रिज पिकअप (तारा पोटावर जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा) सोलोसाठी वर आणि धारदार, आणि गाणं सुरू असताना फक्त स्विच पाडायचा. म्हणून त्या स्विचच्या चकतीवर एका बाजूला 'ऱ्हिदम' आणि दुसऱ्या बाजूला 'ट्रेबल' लिहिलेलं असतं. चार नॉब बघून घाबरणाऱ्यांना मी हेच सांगतो, की हे चारही वाजवताना फिरवायचे नसतात. गाण्याआधी लावायचे, आणि मग स्विच वापरायचा.

१९६१ मध्ये एसजी गिटारचा आकार आला तेव्हा गिब्सनने तो स्विच वरच्या खांद्यावरून खाली नॉबपाशी आणला. १९५८ च्या फ्लाइंग व्हीवर तर तीनच नॉब होते, दोन व्हॉल्यूम आणि एक सामाईक टोन. ग्रेच कंपनीने आणखी वेगळी वाट धरली. त्यांच्या कित्येक गिटारींवर सगळ्यांचा मिळून एक मास्टर व्हॉल्यूम खालच्या शिंगावर असतो. सवय झाली की तो फार गोड वाटतो, पण दुसऱ्या गिटारवरून आलेल्या माणसाला पहिले काही दिवस तो सापडतच नाही.

लेस पॉलच्या चार नॉबांपैकी कोणता कशाचा?

गिटार गळ्यात असताना तारांच्या जवळची जोडी नेक पिकअपची, कडेची जोडी ब्रिजची. प्रत्येक जोडीत पुढचा व्हॉल्यूम, मागचा टोन. म्हणजे सोलोला लागणारा ब्रिजचा व्हॉल्यूम हातापासून लांब पडतो. ज्यांना वाजवता वाजवता तोच फिरवायचा असतो, ते आतल्या वायरी बदलून तो तारांजवळ आणून घेतात.

स्ट्रॅट वाजवताना हात व्हॉल्यूमवर आपटतो आणि आवाज आपोआप उतरतो. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. तुमचा हात चुकत नाही. तो नॉब खरोखर तिथेच आहे, आणि जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याच्या हाताच्या कडेला तो लागणारच.

आधी फुकटचा उपाय. पट्टा एक-दोन घरं वर-खाली करून बघा. गिटार खाली लोंबत असेल तर मनगट वाकतं आणि हाताची कड नॉबवर जाते. मग बुटका नॉब लावून बघा. कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

तरीही लागत असेल तर व्हॉल्यूम पुढच्या भोकातून काढून मधल्या भोकात न्यायचा. दोन टोनऐवजी तिन्ही पिकअपना मिळून एक टोन ठेवायचा, तो शेवटच्या भोकात. पुढचं भोक रिकामं राहतं, ते प्लास्टिकच्या बुचाने बंद करायचं. स्ट्रॅट वाजवणाऱ्या कित्येकांना हे एकदा करून दिलं की मागे वळून बघावंसं वाटत नाही.

पण दुसरी बाजू ऐका. नॉब शून्यावर ठेवून तार छेडायची आणि करंगळीने आवाज वर उचलायचा, म्हणजे तारेवरचा आघात ऐकूच येत नाही आणि सूर व्हायोलिनसारखा फुलत येतो. हे ज्याला करायचं असेल त्याला व्हॉल्यूम तिथेच हवा, स्ट्रॅटवर आहे तिथेच. एकाला जी अडचण तीच दुसऱ्याची खरी दौलत. म्हणून मी कुणाचा नॉब बघता क्षणी हलवत नाही. आधी ते काय वाजवतात ते ऐकतो.

मला नेमकं काय हवं हे कसं ओळखू?

मोबाइल उभा करून उजव्या हाताचा व्हिडिओ घ्या. तुम्ही नेहमी वाजवता ती दोन गाणी, एक साथीचं आणि एक सोलोचं, उभं राहून वाजवा. बसून नको, कारण बसल्यावर गिटारचा कोन बदलतो. मग व्हिडिओ आवाज बंद करून बघा. करंगळी कुठे टेकते? स्विच मारायला हात तारांवरून किती दूर जातो? कुठला नॉब पूर्ण गाण्यात एकदाही शिवला गेला नाही?

हे मी स्वतःवर करून बघितलं तेव्हा कळलं की माझी करंगळी पिकगार्डवर कायम एकाच जागी टेकलेली असते. त्या जागी प्लास्टिकची चकाकी गेली होती. इतकी वर्षं गिटार पुसत होतो आणि ती खूण दिसली नव्हती. माझा व्हॉल्यूम आज त्या खुणेपासून अंगठ्याच्या रुंदीवर आहे.

स्ट्रॅटच्या पाच जागांचा स्विच मुळापासून असाच होता का?

नाही. १९५४ च्या स्ट्रॅटवर तीनच खाचा होत्या, म्हणजे एका वेळी एकच पिकअप. वादकांच्या लक्षात आलं की स्विचची दांडी दोन खाचांच्या मधे अडकवली तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक पोकळ, टिचकीसारखा गोड आवाज येतो. वर्षानुवर्षं लोक ती दांडी बोटाने तोलत वाजवत राहिले. फेंडरने पाच खाचांचा स्विच कारखान्यातून द्यायला १९७७ साल उजाडलं. बनवणाऱ्याच्या डोक्यात नसलेली गोष्ट वाजवणाऱ्यांनी शोधली आणि शेवटी बनवणाऱ्याला ती मान्य करावी लागली, हे मला या वाद्याच्या इतिहासातलं सगळ्यात आवडतं पान वाटतं.

मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा आणि उलट्या चुंबकाचा असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागी भुणभुणही जाते. बऱ्याच नव्या गिटारींत तो तसा असतो.

स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपला टोन नसतोच का? कान टोचतात.

जुन्या पद्धतीत एक टोन नेकला, एक मधल्याला आणि ब्रिज उघडा. दुरुस्ती अगदी सोपी आहे. स्विचच्या ज्या बाजूला टोनच्या वायरी येतात, तिथे ब्रिजच्या जागेचं टोक रिकामं असतं. ते आणि शेजारचं मधल्या पिकअपचं टोक यांच्यामध्ये बोटाच्या पेरापेक्षाही लहान वायरचा तुकडा डाख देऊन जोडायचा. आता खालचा टोन मधला आणि ब्रिज दोन्हींवर चालतो. खर्च जवळपास शून्य. अँपचा ट्रेबल कमी करून करून ज्यांनी नेक पिकअपचा आवाज दाबून टाकला आहे, त्यांनी सगळ्यात आधी हे करावं.

टेलीचा स्विच ब्रिजकडे पाडताना बोटं व्हॉल्यूमवर अडकतात.

पट्टी उलटी फिरवून बसवतात, हा टेली वाजवणाऱ्यांचा जुना उपाय आहे. पट्टी दोन्हीकडून सारखीच असल्याने फिरवली तरी भोकं जुळतात. पण नुसती फिरवली तर टोन सगळ्यात पुढे येतो आणि स्विचची दिशाही उलटते. म्हणून दोन्ही पॉटची (नॉबखालच्या फिरत्या भागांची) आपसात अदलाबदल करावी लागते आणि स्विच त्याच्या दोन स्क्रूंवर फिरवून घ्यावा लागतो. शेवटी क्रम होतो: पुढे व्हॉल्यूम, मग टोन, मागे स्विच. करंगळीने सूर फुलवणाऱ्यांना हे फार मानवतं. पिकअपच्या वायरी पुरतात का हे मात्र आधी बघून घ्या.

लेस पॉलच्या मधल्या जागी एक व्हॉल्यूम शून्य केला की दोन्ही पिकअप बंद होतात. बिघाड आहे का?

बिघाड नाही, ते वायरिंगच तसं आहे. दोन्ही पिकअप एकत्र जोडलेले असताना एक व्हॉल्यूम शून्यावर आला की बाहेर जाणारी वायरच जमिनीच्या वायरला (ग्राउंडला) टेकते, मग दुसऱ्याचा आवाज कुठून येणार? दोन्ही पॉटच्या दोन वायरी आपसात बदलून त्यांना स्वतंत्र करता येतं. पण मग व्हॉल्यूम उतरवताना आवाजाची धार लवकर बोथट होते. मी हा बदल क्वचितच सुचवतो, कारण मधल्या जागी दोन व्हॉल्यूम ८ आणि १०, १० आणि ७ असे लावून जे मधले रंग मिळतात ते आहे त्या वायरिंगमध्येही मिळतात. फक्त शून्यापर्यंत जायचं नाही.

आणि याच गोष्टीचा गिटारवादक टॉम मोरेलो यांनी केलेला उपयोग बघा. एक व्हॉल्यूम शून्य, दुसरा पूर्ण, आणि स्विच तालात झपाझप पाडायचा. आवाज तुकड्या-तुकड्यांत कापला जातो. त्यासाठी एक तारही वेगळी जोडावी लागली नाही.

व्हॉल्यूम ७ च्या खाली आला की आवाज गोधडीखाली गेल्यासारखा का होतो?

व्हॉल्यूम उतरवला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये रोध येतो. केबल स्वतः एका छोट्या कंडेन्सरसारखी वागते, आणि तो रोध व ती केबल मिळून वरचे सूर गिळतात. केबल जितकी लांब तितकं हे जास्त. म्हणून पहिला उपाय लहान आणि चांगली केबल.

दुसरा उपाय ट्रेबल ब्लीड. व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि त्याच्या जोडीने १५० किलोओमचा रेझिस्टर लावतात. वरचे सूर त्या आडवाटेने निघून जातात. रेझिस्टर नसेल तर व्हॉल्यूम अगदी खाली आणल्यावर आवाज पत्र्यासारखा पातळ होतो, म्हणून तो गाळू नका.

तिसरा उपाय गिब्सनच्या पन्नाशीच्या दशकातल्या वायरिंगचा. टोनचा कंडेन्सर व्हॉल्यूमच्या आतल्या टोकाला न जोडता बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडायचा. धार टिकते, पण टोन फिरवला की आवाजही थोडा हलतो. लेस पॉलवर मला हाच उपाय आवडतो. स्ट्रॅटवर मी ट्रेबल ब्लीड लावतो. काही जणांना उलट ती गोधडीच हवी असते, व्हॉल्यूम उतरवला की आवाज मऊ व्हावा म्हणून. त्यांनी काहीही बदलू नये.

पॉट २५० घेऊ की ५००?

सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) २५० किलोओम, हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५००, हा चालत आलेला नियम. आकडा जितका मोठा तितका आवाज उजळ. सिंगल कॉइल मुळातच उजळ, म्हणून तिला २५० पुरतो. १९५८ च्या फेंडर जॅझमास्टरला मात्र तब्बल १ मेगओमचे पॉट होते, म्हणून ती इतकी लख्ख वाजते. एक हंबकर आणि दोन सिंगल कॉइल असलेल्या गिटारवर मी ५०० लावतो आणि सिंगल कॉइलवर आल्यावर टोन ८ वर आणायला सांगतो.

पॉटवर छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत २० टक्क्यांपर्यंत तफावत चालते. म्हणजे ५०० लिहिलेला पॉट ४०० चा निघू शकतो आणि ६०० चाही. दुकानात मल्टिमीटर घेऊन जा आणि बाहेरच्या दोन टोकांवर मोजून घ्या. दुकानदार काही म्हणत नाहीत.

पॉटवर 'ए' किंवा 'बी' लिहिलेलं असतं ते काय?

'बी' म्हणजे रोध सरळ रेषेत वाढतो. 'ए' म्हणजे तो आधी हळू आणि नंतर भराभर वाढतो. आपला कान आवाज जसा मोजतो त्याला 'ए' जुळतो, म्हणून व्हॉल्यूमला सहसा 'ए' लावतात. 'बी' लावला तर १० पासून ३ पर्यंत फारसं काही होत नाही आणि मग आवाज एकदम कोसळतो. डिस्टॉर्शन कमी-जास्त करायला व्हॉल्यूम वापरणारे काही वादक मात्र मुद्दाम 'बी' मागतात.

जुन्या युरोपीय भागांवर ही अक्षरं उलटी असू शकतात, त्यामुळे मोजून खात्री करा. पॉट बरोबर मध्यावर ठेवा, मीटरचं एक टोक मधल्या पायावर, दुसरं शून्याच्या बाजूच्या पायावर. ५०० च्या पॉटवर २५० च्या आसपास दिसलं तर 'बी'. ५० ते ७५ दिसलं तर 'ए'.

टोन नॉब कुणी वापरतं का? मी तर १० वरच ठेवतो.

वापरतात, आणि फार सुंदर वापरतात. एरिक क्लॅप्टन यांनी साठच्या दशकात हंबकरचा टोन उतरवून वर जोरदार डिस्टॉर्शन देऊन जो गोल, गाता आवाज काढला तो 'वुमन टोन' म्हणून ओळखला जातो. रॉय बुकॅनन टेलीचा टोन करंगळीने मागेपुढे फिरवून वाह पेडलसारखा आवाज काढत, पेडल न लावता.

टोन शून्यावर आणला की नुसते वरचे सूर जात नाहीत. पिकअपची गुंडाळी आणि कंडेन्सर यांच्या जोडीने मधल्या पट्टीत एक फुगवटा तयार होतो. तोच तो गाता आवाज. फुगवटा कुठे येणार हे कंडेन्सरच्या आकड्यावर ठरतं. गिब्सनकडे ०.०२२ मायक्रोफॅरड रूढ, फेंडरकडे ०.०४७, आणि सुरुवातीच्या स्ट्रॅटवर तर ०.१ होता. शून्यावर आवाज अगदीच चिखल वाटत असेल तर लहान आकड्याचा कंडेन्सर लावा. तोच आकडा महागड्या जुन्या कंडेन्सरमध्ये घ्यायला काही जण मोठी रक्कम मोजतात. मी बाजारात काही रुपयांना मिळणारा साधा पॉलिएस्टरचा लावतो आणि उरलेले पैसे चांगल्या केबलवर घालायला सांगतो.

किती नॉब आणि स्विच असावेत?

याला एकच उत्तर नाही, आणि थोर वादकांनी दोन्ही टोकं गाठली आहेत. एडी व्हॅन हेलन यांच्या प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांच्या गिटारवर एकच नॉब होता. त्यावर 'टोन' असं लिहिलेलं होतं आणि तो होता व्हॉल्यूम. दुसऱ्या टोकाला ब्रायन मे. वडिलांबरोबर १९६३ पासून घरी बनवलेल्या त्यांच्या गिटारवर तीन पिकअपना प्रत्येकी दोन असे सहा सरकते स्विच आहेत, एक चालू-बंदचा आणि एक फेज (पिकअपच्या लहरीची दिशा) उलटवण्याचा. त्यांना त्या सहांतली कुठली जुळणी कशी वाजते हे पाठ आहे, कारण ती त्यांनीच घडवली.

मधे असंख्य पायऱ्या. डेव्हिड गिल्मर यांनी आपल्या काळ्या स्ट्रॅटवर एक लहानसा स्विच वाढवला, त्याने नेक पिकअप कुठल्याही जागी जोडता येतो. रिची ब्लॅकमोर यांनी काही वाढवण्याऐवजी मधला पिकअप पार खाली बसवला.

माझा अनुभव सांगतो. एकदा मी स्वतःच्या गिटारवर तीन पुश-पुल पॉट (वर ओढले की स्विचचंही काम करणारे) बसवले: एक कॉइल स्प्लिटचा (हंबकरची एकच गुंडाळी वाजवण्याचा), एक फेजचा, एक सिरीजचा (पिकअप एकामागे एक जोडण्याचा). घरी महिनाभर मजा आली. मग गणपतीतल्या एका कार्यक्रमात, अंधाऱ्या मंचावर, व्हॉल्यूम वाढवताना फेजचा नॉब वर ओढला गेला आणि ऐन सोलोत आवाज पातळ होऊन बँडमध्ये हरवला. कारण सापडेपर्यंत सोलो संपला. दुसऱ्या दिवशी दोन काढले, कॉइल स्प्लिटचा ठेवला. तेव्हापासून माझा नियम असा: अंधारात, न बघता, कोणता नॉब कुठल्या अवस्थेत आहे हे बोटाला कळलं पाहिजे. कळत नसेल तर तो जास्तीचा आहे. पुश-पुल घेताना गिटारच्या पोटातली खोलीही मोजा, साध्या पॉटपेक्षा तो बराच उंच असतो.

जॅझमास्टरच्या वरच्या खांद्यावर ते सरकतं बटण कशाला?

ती साथीसाठीची वेगळी वाट आहे. बटण वर सरकवलं की फक्त नेक पिकअप, आणि त्याला स्वतःचे चाकासारखे व्हॉल्यूम-टोन. जॅझवाल्यांसाठी केलेली ही सोय आज बहुतेकांना स्ट्रमिंगमध्ये चुकून लागते आणि आवाज अचानक काळवंडतो. बरेच जण त्यावर चिकटपट्टी लावतात.

मी डावखुरा आहे. नॉबचं काय?

जिमी हेंड्रिक्स यांनी उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरली, तेव्हा नॉब तारांच्या वर आले. बरेच डावखुरे आजही तसं वाजवतात आणि एक फायदा सांगतात, की हात नॉबवर आपटत नाही.

खास डावखुरी गिटार घेतलीत तर एक गोष्ट तपासा. तीत नॉब आरशातल्यासारखा उलटा फिरायला हवा असेल, तर साध्या 'ए' पॉटच्या वायरी उलटवून भागत नाही. आवाजाची चढण बिघडते आणि सगळा बदल एका टोकाला जमा होतो. त्यासाठी 'सी' अक्षराचा उलटा पॉट लागतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. तोवर सरळ फिरणारा साधा पॉटच ठेवा, हाताला त्याची सवय होते.

पावसाळ्यात नॉब फिरवला की खरखर येते.

दमट हवेत पॉटच्या आतल्या पट्टीवर मळ आणि गंज धरतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या वाऱ्याने हे लवकर होतं. मागचं झाकण उघडा. पॉटच्या तीन पायांच्या वर एक लहान फट दिसेल, तिथून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा आत द्या आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. स्विचच्या पात्यांनाही तसंच. कुलपा-बिजागऱ्यांवर मारायचं तेल वापरू नका, त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या वर्षी दुप्पट खरखर होते. गिटार पेटीत ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि नॉब रोज एकदा पूर्ण फिरवा, न वापरलेला पॉटच आधी बिघडतो.

धातूच्या नॉबला किंवा तारांना हात लावला की भुणभुण कमी होते. बरोबर आहे का?

हो. तारा जमिनीच्या वायरला जोडलेल्या असतात, हात लागला की तुमच्या अंगाने गोळा केलेली भुणभुण तिकडे जाते. हात लावल्यावर भुणभुण वाढत असेल तर आतला कुठला तरी डाख सुटला आहे.

तारांना हात असताना ओठ माइकला लागून झटका बसला, तर ताबडतोब वाजवणं थांबवा. तो दोष गिटारचा नसतो. अँप किंवा साउंडवाल्यांच्या जोडणीचं अर्थिंग गेलेलं असतं. जुन्या इमारतींत आणि मांडवांत तीन पिनचं सॉकेट असूनही मागे अर्थची वायरच नसते. वायरमन बोलावून तपासून घ्या आणि तोवर वाजवू नका. अशाने जीव गेलेले आहेत.

सुटे भाग कुठे मिळतील?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. कंडेन्सर, वायर, सोल्डर, क्लीनर सगळं मिळतं. पॉट घेताना सावध राहा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातले पॉट 'बी' असू शकतात. नॉबही जपून घ्या. अमेरिकी पॉटच्या दांड्यावर २४ दाते असतात, आशियाई पॉटच्या दांड्यावर १८. एकाचा नॉब दुसऱ्यावर दाबून बसवला की प्लास्टिक चिरतं. भोकही वेगळं: अमेरिकी पॉटला साधारण ९.५ मिलिमीटर लागतं, आशियाई पॉट बऱ्याचदा ८ किंवा त्याहून लहान भोकात बसतात. पिकगार्डचं भोक मोठं करावं लागलं तर ड्रिल वापरू नका, प्लास्टिक तडकतं. गोल कानस घेऊन हाताने हळूहळू घासा.

बदल केल्यावर जुने भाग टाकून देऊ का?

कधीच नाही. काम सुरू करण्याआधी आतल्या वायरिंगचे दोन-तीन फोटो काढा, एक दुरून आणि बाकीचे स्विचच्या अगदी जवळून. काढलेले पॉट, स्विच, नॉब, स्क्रू एका पिशवीत भरा, कुठला भाग कुठून निघाला त्याची चिठ्ठी त्यात टाका आणि पिशवी गिटारच्या पेटीतच ठेवा. पुढे गिटार विकायची झाली तर घेणारा ती पिशवी आधी मागतो. आणि तुमचा हात बदलला, वाजवणं बदललं, तर तीच पिशवी तुम्हालाही लागेल.